झूम भिंगाची घरगुती परीक्षा

घरात नवी वस्तू आली म्हणजे पहिले काही दिवस तिला काम शोधून द्यावे लागते. शिवणयंत्र येताच चांगले कपडेही उसवून पुन्हा शिवले जातात. नवा तराजू आला की घरातील मुले एकमेकांना तोलू पाहतात. कॅमेऱ्याच्या झूम भिंगाचेही तसेच आहे. ते हाती आले, की समोरच्या पिंपळावरील पोपटापासून शेजारच्या गच्चीवरील पापडांपर्यंत जे जे दूर असेल ते ते जवळ ओढण्याचा मोह आवरत नाही. हा मोह स्वाभाविक आहे आणि निरुपद्रवीही आहे. परंतु चार दिवसांचा हा खेळ आटोपला म्हणजे खरा प्रश्न पुढे येतो. या भिंगाने रोजच्या छायाचित्रात नेमके काय वाढते, आणि काय वाढत नाही?

इंदूरच्या एका निवृत्त मास्तरांपुढे हा प्रश्न दिवाळीनंतर उभा राहिला. त्यांच्यापाशी अनेक वर्षे फिल्मचा एक कॅमेरा होता. त्याचे भिंग ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एकाच पल्ल्याचे. मनुष्य मोठा दिसावयास हवा असेल तर पुढे जावयाचे, दृश्य अधिक मावावयास हवे असेल तर मागे सरावयाचे, एवढीच त्याची विद्या होती. यंदा पुण्याच्या मुलीने त्यांना डिजिटल कॅमेरा धाडला आणि त्यासोबत १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग आले. २००३ सालापासून हौशी लोकांच्या असंख्य कॅमेऱ्यांसोबत याच पल्ल्याची भिंगे विकली गेली आहेत. म्हणून मास्तरांच्या घरी झालेली ही परीक्षा पुष्कळांच्या घरी उपयोगी पडण्यासारखी आहे.

झूम भिंग हे वस्तुतः एक भिंग नव्हे. एका नळीत बसविलेल्या अनेक भिंगांचा तो समूह असतो. बाहेरचे कडे फिरविले की आतील काही भिंगे पुढेमागे सरकतात, त्यांच्यामधील अंतरे बदलतात आणि साऱ्या समूहाचे नाभीय अंतर बदलते. नाभीय अंतर लहान, तर दृश्याचा कोन रुंद. ते मोठे, तर कोन अरुंद. मास्तरांच्या नव्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जी प्रकाशग्राही पट्टी आहे, ती जुन्या चौकटीहून लहान आहे. फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर होती, हिची सुमारे २२ आहे. तिच्यावर १८ मिलिमीटरला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७४ अंशांचे दृश्य मावते, तर ५५ मिलिमीटरला सुमारे २८ अंशांचे. जुन्या ५० मिलिमीटरच्या भिंगातून मास्तर जेवढे जग पाहत असत, तेवढे या कॅमेऱ्यात ३१ मिलिमीटरच्या आसपास सापडते. म्हणजे त्यांची नेहमीची नजर या नव्या कड्याच्या मध्यावर कोठेतरी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडी नवी जागा त्यांना मिळाली आहे.

आज सहज वाटणारी ही सोय फार उशिरा लाभली. आतील भिंगे एकमेकांच्या मेळाने सरकवून नाभीय अंतर बदलण्याची युक्ती अमेरिकेत क्लाईल ॲलन यांनी १९०२ साली पेटंट केली होती. १९३२ मध्ये सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी ४० ते १२० मिलिमीटरचे कुक व्हॅरो हे भिंग निघाले. पण ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिर छायाचित्रणासाठी पहिले झूम भिंग बाजारात यावयास १९५९ साल उजाडले. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रँक बॅक यांची ती रचना. फोइग्टलेंडर या नावाने विकल्या गेलेल्या त्या झूमारचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर होता आणि त्यात १४ भिंगे होती. १९६३ मध्ये निकॉनचे ४३ ते ८६ मिलिमीटरचे भिंग आले, आणि हौशी लोकांच्या खांद्यावरील कॅमेऱ्यांवर झूम दिसू लागले.

एवढा उशीर का झाला, याची कारणे दोन. सिनेमाच्या पडद्यावर एक चित्र क्षणाच्या लहानशा अंशापुरते टिकते. त्याचा बारीक दोष डोळ्यांना जाणवत नाही. छायाचित्र मात्र हातात धरून न्याहाळले जाते. एका नाभीय अंतराला दोष काढावा, तर दुसऱ्याला तो पुन्हा उपटतो. सर्व अंतरांना तो आटोक्यात ठेवावयाचा तर किरणांच्या मार्गांचे प्रचंड गणित करावे लागते, आणि ते संगणक येईपर्यंत फार जिकिरीचे होते. दुसरे कारण काचेचे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. दहा सुटी भिंगे म्हणजे वीस पृष्ठभाग. तेवढे ओलांडून पलीकडे पोचतो तो मूळच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश, आणि मागे फिरलेला नळीतच भटकून चित्रावर धुके पसरवितो. परावर्तन रोखणाऱ्या लेपाची पद्धत झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. ती नसती तर अनेक भिंगांची ही नळी व्यवहारात निरुपयोगीच ठरली असती.

झूम नव्हते तेव्हा छायाचित्राची चौकट कशी ठरत असे? त्याचे उत्तर शोधण्यास इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती धरला तो इंदूरात, सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असताना, १८७४ च्या सुमारास. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासोबत हिंडून त्यांनी मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची चित्रे घेतली; नंतर सिकंदराबादेत चित्रशाळा थाटली, आणि हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना राजा हा किताब दिला. त्या काळी काचेच्या तबकड्या, मोठी लाकडी पेटी आणि तिपाई यांचे ओझे वाहून नेऊन छायाचित्र घ्यावे लागे. एकदा मांडलेली तिपाई हलविणे म्हणजे मोठेच काम. साहजिकच कोठे उभे राहावयाचे, हा विचार आधी आणि पुरता होत असे. झूम भिंगाने श्रम वाचविले; परंतु त्याबरोबर हा विचारही वाचविला जाण्याचा धोका उत्पन्न झाला.

मास्तरांनी पहिली परीक्षा घरातच घेतली. भिंतीवर वर्तमानपत्राचे एक अख्खे पान ताणून चिकटविले. पुस्तकांच्या थप्पीवर कॅमेरा ठेवून तो पानाला अगदी समांतर केला, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांनी आपोआप शटर उघडण्याची योजना वापरली. १८, ३५ आणि ५५ या तीन ठिकाणी प्रत्येकी दोन चित्रे काढली. एक भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून आणि दुसरे एफ ८ पर्यंत लहान करून. पूर्ण उघड्या छिद्राला पानाच्या मध्यावरील अक्षरे स्वच्छ आली, परंतु कोपऱ्यांतील जरा मऊ पडली. एफ ८ ला कोपरेही सुधारले. हे असेच व्हावयाचे. पण पानाची डावी बाजू ठसठशीत आणि उजवी पुसट, असे कोणाला आढळले तर कॅमेरा पुन्हा समांतर लावून पाहावे. तरीही तोच दोष राहिला तर आतील एखादे भिंग तिरपे बसले असण्याचा संभव असतो, आणि असे भिंग मुदत आहे तोवर दुकानदाराकडे परत नेणे शहाणपणाचे.

त्यानंतर दाराची चौकट चित्राच्या कडेला येईल अशा बेताने दोन चित्रे घेतली. १८ मिलिमीटरला चौकटीची उभी रेघ पिंपाच्या अंगासारखी बाहेर फुगली. ५५ ला ती जवळजवळ सरळ राहिली. अनेक कॅमेरे हा वाक आपणहून सरळ करून दाखवितात, तेव्हा तो दिसला नाही म्हणजे भिंगात नाहीच असे समजू नये. आणखी एक गोष्ट मास्तरांना कळली, ती चार चित्रे बिघडल्यावर. रोजच्या वापरातील बहुतेक झूम भिंगांत कडे फिरविले की स्पष्टतेचे अंतरही थोडे ढळते. म्हणून चौकट आधी ठरवावी, दृश्य नंतर स्पष्ट करावे, आणि त्यानंतर कडे पुन्हा फिरवू नये.

दुसरी परीक्षा राजवाड्यासमोर झाली. नातीला पुढे उभी करून मागे सातमजली वाडा, असे चित्र घ्यावयाचे होते. समजा, नात दोन मीटरवर आहे आणि वाडा वीस मीटरवर. १८ मिलिमीटरला उभ्या चौकटीत नात पायांपासून डोक्यापर्यंत आली, आणि तिच्या मागे वाडा बराचसा आला, पण लहान होऊन, खेळण्यासारखा. मग मास्तर चार मीटर मागे सरले. आता नात सहा मीटरवर आणि वाडा चोवीस मीटरवर. त्यांनी कडे ५४ च्या आसपास नेले. नाभीय अंतर तिप्पट आणि नातही तिप्पट दूर. म्हणून ती चित्रात होती तेवढीच राहिली. वाड्याचे अंतर मात्र विसाचे चोवीसच झाले होते. ते सव्वापटही वाढले नव्हते, आणि भिंगाने तर सारे तिप्पट केले होते. हिशेब केला तर वाडा पहिल्या चित्रातल्यापेक्षा अडीचपट मोठा झाला. त्याचे वरचे मजले चौकटीबाहेर गेले, आणि भव्य दरवाजा नातीच्या अगदी पाठीशी येऊन उभा राहिल्यासारखा दिसू लागला.

“आजोबा, वाडा जवळ कसा आला?” नातीने विचारले.

“वाडा तेथेच आहे बाळ. मी मागे गेलो,” मास्तर म्हणाले.

आजोबांचे उत्तर शास्त्राला धरून होते. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण भिंग ठरवीत नाही; ते छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर ठरते. एकाच जागी उभे राहून कडे कितीही फिरविले तरी नात आणि वाडा दोघेही सारख्याच पटीने वाढतात. झूम केवळ चौकट आवळते किंवा सैल करते. हे ज्याला उमगले त्याला कडे केव्हा फिरवावे आणि पाय केव्हा हलवावेत हे निराळे शिकविण्याची गरज नाही. चित्रातील नाते आधी जागेने ठरवावे. कड्याने नंतर त्याला कुंपण घालावे. आधी पाऊल आणि मग कडे, असा हा क्रम आहे.

तिसरी परीक्षा रात्रीची. इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने बंद झाली म्हणजे त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याची दुकाने लागतात. थंडीत तेथे गराडूचे तळलेले, मसाला भुरभुरविलेले तुकडे द्रोणांत पडतात आणि मोठ्या कढयांत जिलब्या सुटतात. गर्दीमुळे मास्तर कढईपासून दूर राहिले आणि त्यांनी कडे सरळ ५५ वर नेले. चित्रे हलली. कारण साधे होते. या भिंगाचे छिद्र १८ मिलिमीटरला एफ ३.५ पर्यंत उघडते, तर ५५ ला एफ ५.६ पर्यंतच. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. ती वाढली की पट्टीवर पडणारा प्रकाश तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३.५ वरून ५.६ वर जाताना प्रकाश अडीचपटींहून अधिक कमी होतो. जे चित्र १८ मिलिमीटरला एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात निघाले असते, त्याला आता विसावा भाग लागू लागला. त्यातच अरुंद कोनात हाताचे कंपनही मोठे होऊन दिसते. हातात धरलेल्या अशा कॅमेऱ्याला ५५ मिलिमीटरवर सेकंदाचा नव्वदावा भाग तरी असावा, असा जुना ठोकताळा आहे.

यावर कंपन शमविणाऱ्या भिंगांचा उपाय आहे. बदलता येणाऱ्या भिंगांत तो १९९५ मध्ये कॅनन कंपनीने प्रथम आणला, आणि आज तो स्वस्त भिंगांतही मिळतो. मास्तरांच्या भिंगातही तो होता. त्याने दुकानाची पाटी स्थिर आली, कढई स्थिर आली. हलवायाचा हात मात्र तसाच पुसट राहिला. हे यंत्र छायाचित्रकाराच्या हाताला आधार देते, हलवायाच्या नव्हे. शेवटी मास्तर गर्दीतून वाट काढीत कढईपाशी गेले, कडे १८ च्या जवळ आणले आणि पट्टीची संवेदनशीलता थोडी वाढविली. जिलबीची धार, तुपाची वाफ आणि हलवायाचा चेहरा, तिन्ही एका चित्रात आली. चित्र निघत असता हलवायाने वर पाहिले आणि एक जिलबी पुढे केली. दूर उभ्या असलेल्या माणसाला ती मिळाली नसती, हे निराळे सांगावयास नको.

चौथी परीक्षा मास्तरांनी ठरविली नव्हती. ती आपोआप झाली. त्यांच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. सकाळी मागील अंगणात उन्हाला बसून त्या देवाच्या वाती वळीत असतात. त्यांचे चांगले छायाचित्र घरात एकही नाही. कॅमेरा समोर आला की त्या पदर सावरून, ताठ बसून, शिक्षा झाल्यासारखा चेहरा करतात. झूम आल्यावर मास्तरांना वाटले, आता हे काम साधेल. ओसरीच्या खांबाआडून, पाच मीटरवरून, ५५ मिलिमीटरला त्यांनी आठ दिवसांत तीसएक चित्रे घेतली.

ती सारी संगणकावर पाहताना मास्तर गप्प झाले. चित्रांत दोष नव्हता. सुरकुत्या स्वच्छ होत्या, बोटांतील कापूस स्वच्छ होता. पण तीसही चित्रांत म्हातारीची नजर कोठेच पोचत नव्हती. एका चित्रात तिने खांबाच्या दिशेने मान वळविली होती आणि कपाळाला आठ्या घातल्या होत्या. दूरचे तिला नीट दिसत नाही. कोणीतरी उभे आहे एवढे तिला जाणवले होते. आपला मुलगा आहे, हे जाणवले नव्हते. भिंगाने आई मास्तरांच्या जवळ आणली होती. मास्तर आईपासून पाच मीटरच दूर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर पाट टाकून बसले. अगदी जवळ जाऊनही चालत नाही, हे त्यांना ठाऊक झाले होते. हातभर अंतरावरून १८ मिलिमीटरला घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि हाही दोष भिंगापेक्षा अंतराचाच असतो. त्यांनी दीड मीटर अंतर ठेवले आणि कडे ३५ च्या आसपास आणले. कॅमेरा मांडीवर ठेवून वीस मिनिटे तिच्या कापसातील सरकी काढून दिली, गोष्टी केल्या.

“अरे, रोज तिकडे खांबापाशी कोण उभे असते रे?” आईने विचारले.

“मीच असतो आई.”

“मग इकडे यायचे की! मला आपले वाटायचे, दूधवाला आला आणि बोलत का नाही.”

ती हसली, आणि त्या हसण्यात शटर दाबले गेले. मास्तरांनी त्या दिवशी एवढे एकच चित्र घेतले. तेच आता भिंतीवर लागणार आहे.

याचा अर्थ दुरून चित्र घेऊच नये असा नाही. पक्ष्याला, वाड्याच्या सज्जावरील नक्षीला, नदीपलीकडच्या छत्रीच्या कळसाला दुरूनच घ्यावे लागते, आणि तेथे झूम भिंग आपले खरे काम करते. लग्नमंडपात माणसे अडू नयेत म्हणून, मूल खेळात रमले असता त्याचा खेळ मोडू नये म्हणून दूर राहणे हा विवेकच आहे. प्रश्न एवढाच, की आपण दूर उभे आहोत ते समोरच्याच्या सोयीसाठी, की जवळ जाण्याचा संकोच आणि आळस झाकण्यासाठी? रस्त्यावरील अपरिचित माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच आवश्यक आहे. ज्याला समोर जाऊन विचारण्याचे धैर्य होत नाही, त्याचा चेहरा त्याच्या नकळत ओढून आणण्याचा अधिकार भिंगाबरोबर विकत मिळत नाही.

मोबाईल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावयास हवी. दोन बोटांनी पडद्यावर चित्र ताणणे हे पुष्कळदा झूम नसते. ते केवळ कातरणे असते. बारा दशलक्ष ठिपक्यांचे चित्र दुप्पट ताणले की मूळचे तीन दशलक्षच ठिपके उरतात, आणि उरलेली जागा यंत्र अंदाजाने भरते. मोबाईलला दुसरे, अधिक नाभीय अंतराचे भिंग असेल तर तेवढ्या पल्ल्यापर्यंत चित्र खरे वाढते. त्यापलीकडे पुन्हा कातरीच चालते. अशा वेळी चार पावले पुढे जाणे, हा उपाय आजही फुकट आहे आणि त्यात एकही ठिपका खर्च होत नाही.

मास्तरांनी आपल्या वहीत या परीक्षेचे फलित तीन ओळींत लिहून ठेवले आहे. पहिली ओळ : उभे राहण्याची जागा आधी शोधावी; कडे मागाहून फिरवावे. दुसरी : रात्री रुंद बाजूस राहावे, म्हणजे उजेड अधिक मिळतो. तिसरी ओळ शास्त्राची नाही, आणि तिच्याखाली त्यांनी रेघ ओढली आहे. आईचे चित्र घ्यावयाचे असेल तर तिला आपण दिसू, इतके जवळ बसावे.